हूल ओळखायला लागलेला उन्हाळा

मे महिन्यात अमळनेरला दुपारी अकरानंतर घराबाहेर पाय ठेवायची सोय नसते. गेल्या उन्हाळ्यात कूलरसमोर बसून मी मॉर्डहाऊ हा तलवारबाजीचा ऑनलाइन गेम शिकलो. शिकलो म्हणजे माझ्यापुरता. त्यालाही अडीच महिने गेले. माझ्या ओळखीतल्या चौघांनी हा गेम घेऊन आठवड्यात सोडला, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

स्लोव्हेनियातल्या ट्रायटर्निअन नावाच्या छोट्या चमूने बनवलेला हा गेम एप्रिल २०१९ मध्ये आला. त्यातल्या फ्रंटलाइन या प्रकारात दोन सैन्यं समोरासमोर येतात, आणि सुरुवात सगळे तिथूनच करतात. मीही तेच केलं. धुरळा, आरडाओरडा, पाठीमागून येणारे घाव, आपल्याच माणसाची तलवार आपल्याला लागणं. मजा येते, पण शिकणं होत नाही. आपण कशाने मेलो हेच कळत नाही.

ड्युएल, म्हणजे द्वंद्वाच्या सर्व्हरवर गेलो तेव्हा खरा गेम दिसला. तिथे लोक शस्त्र फिरवून समोरच्याला बोलावतात आणि एकास एक लढतात. माउस ज्या बाजूला हलवाल त्या बाजूने वार जातो. ढाल नसेल तर वार अडवायला क्षणभरच मिळतो. शस्त्र आधी उचललं तरी गेलं, उशिरा उचललं तरी गेलं. वार हुकला की दम कमी होतो, अडवला तरी कमी होतो, आणि दम संपल्यावर वार अडवला की हातातलं शस्त्रच उडून पडतं. सगळ्यात जास्त मारते ती हूल. समोरचा हात उगारतो, तुम्ही घाबरून अडवायला जाता, तो वार मागे घेतो आणि तुमचा बचाव संपताच खरा वार घालतो. पंधरा दिवस मी फक्त हुलीला मेलो.

त्याच सुमारास धुळ्याहून मामा आले. तरुणपणी त्यांनी तालमीत लाठी फिरवलेली. मागे उभं राहून त्यांनी तीन-चार लढती पाहिल्या आणि म्हणाले, "भो, तू आधीच हात उचलून घेतो. वार निघाला का ते तर बघ!"

संध्याकाळी ऊन उतरल्यावर अंगणात त्यांनी मला समोर उभं केलं, हातात काठी दिली आणि स्वतः एक घेतली. पाच वेळा त्यांची काठी माझ्या कानाजवळ येते असं वाटलं, पण ती त्यांच्या खांद्यामागून पुढे आलीच नव्हती. पाचही वेळा माझी काठी वर गेली. सहाव्यांदा मी अडवलं नाही, आणि ती खांद्याला लागली. हळूच लागली, पण फरक डोळ्यांनी दिसला: मनगट खांद्याच्या पुढे आलं की काठी परत जात नाही.

गेममध्येही नेमकं हेच आहे. हात उगारलेला असेपर्यंतच हूल देता येते. पातं सुटलं की वार परत घेता येत नाही. दुसऱ्या दिवसापासून मी पातं सुटायची वाट बघायला लागलो. आठवडाभर आणखी मेलो, पण आता का मेलो ते कळत होतं. या गेमचं मोठेपण मला यातच वाटतं.

दुखणंही तिथेच आहे. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत सिग्नल जाऊन यायला लागणारा वेळ, १२० मिलिसेकंदांच्या आसपास असेल तर पातं सुटलेलं दिसेपर्यंत वाट बघायला वेळच उरत नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तर अंदाजानेच अडवावं लागत होतं. शेवटी पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत लॅनची वायर ओढली. पिंगचा आकडा फारसा उतरला नाही, पण तो एकसारखा राहायला लागला आणि हात बसला. आपल्याकडे खेळणाऱ्याने आधी वायर घ्यावी, मग तलवार. सुटलेलं पातं अंग वाकडं करून उशिरा पोचवायची जी रीत मुरलेले खेळाडू वापरतात, ती मात्र मला आजही पटत नाही. नियमात बसते, पण कमरेत मागे वाकून घातलेला तो घाव तलवारबाजीसारखा दिसत नाही. नवा माणूस पळतो तो बहुतेक ते बघूनच. चॅटमधली शिवीगाळ वेगळीच. मी चॅट बंदच ठेवतो.

तरी हा गेम ज्यांनी बनवला त्यांना तलवार माहीत आहे. एक बटण दाबलं की लाँगस्वर्ड, म्हणजे लांब तलवार, उलटी होते, पात्याला धरून मुठीचा भाग चिलखतावर हाणता येतो. पोलादी चिलखत धारेने कापलं जात नाही म्हणून १५ व्या शतकातल्या जर्मन तलवारबाजीच्या हस्तलिखितांत हाच घाव चित्रांसकट दाखवलाय. गेमचं नाव त्या घावाचंच. आपला लढवय्या सजवायला १६ पॉइंट मिळतात, त्यातच चिलखत आणि शस्त्र दोन्ही बसवायचं. जड चिलखत घेतलं तर पळताना मागे पडता.

जूनच्या पहिल्या पावसात लाइट गेली आणि रात्री साडेदहाला आली. एकाने शस्त्र फिरवून बोलावलं. त्याने लागोपाठ दोन हुली दिल्या. माझा हात उचलला गेला नाही. तिसऱ्यांदा पातं पुढे आलं, मी अडवलं आणि त्याच झोकात उलटा वार घातला. मामांना फोन केला तेव्हा ते झोपले होते. मामींनी उठवलं.