तुम्ही विचारलंत म्हणून: दान घरचं की कंपनीचं?

थरमॅक्स कंपनीच्या माजी अध्यक्ष अनु आगांचा विषय निघाला की पुण्यात हमखास कोणीतरी म्हणतं, "शाळांना दिलं खरं, पण पैसा शेवटी कंपनीचाच ना?"

अर्धं खरं आहे. थरमॅक्समध्ये कुटुंबाचा वाटा सुमारे ६२ टक्के. म्हणजे कंपनीने शंभर रुपये समाजकार्याला दिले, तर त्यातले अडतीसेक इतर भागधारकांच्या खिशातले. घरचं दान वेगळं: हातात आलेल्या लाभांशातून दिलेलं. हे दोन खिसे एक मानले की घोटाळा होतो.

आगाबाईंनी खुर्चीच्या बाबतीतही असाच फरक केला, आणि मला तरी तेच मोठं वाटतं. १९९६मध्ये पती रोहिंटन गेले आणि बॉयलर बनवणाऱ्या या कंपनीची सूत्रं त्यांच्याकडे आली. त्याआधी त्या मनुष्यबळ विभाग सांभाळत. शिक्षण समाजकार्याचं, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतलं. मंदीत चारशेचा शेअर ३६ रुपयांपर्यंत आला. एका भागधारकाच्या निनावी पत्राने झोप उडाली. मग बाहेरचे सल्लागार आणले, संचालक मंडळ नव्याने बांधलं, स्वतंत्र संचालक घेतले. रोजचा कारभार पगारी व्यावसायिकांकडे, घरच्यांकडे देखरेख. २००४मध्ये अध्यक्षपद मुलीकडे, मेहेर पदमजींकडे गेलं, तरी ही रचना तशीच राहिली.

आता दोन टक्क्यांचं. मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे, हा कायदा लागू झाला १ एप्रिल २०१४ला. थरमॅक्सचं सामाजिक फाउंडेशन २००७चं. म्हणजे सक्ती नव्हती तेव्हापासूनचं. हिशेब असा: मागच्या तीन वर्षांचा निव्वळ नफा ४०, ५० आणि ६० कोटी असेल तर सरासरी ५० आणि खर्च एक कोटी. त्यात कार्यालयीन खर्च पाच टक्क्यांच्या आत. फक्त स्वतःच्या कामगारांसाठी केलेलं काम यात धरत नाहीत, राजकीय पक्षाची देणगी तर नाहीच. चालू प्रकल्पाचे पैसे उरले, तर वर्ष संपल्यापासून तीस दिवसांत वेगळ्या खात्यात टाकून तीन वर्षांत खर्च करायचे.

गाडी अडते ती शाळेपाशी. पुण्यात फाउंडेशन 'आकांक्षा' या शिक्षणात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेबरोबर महापालिकेच्या शाळांत काम करतं. इमारत पालिकेची, शिकवण्याची जबाबदारी 'आकांक्षा'ची. पहिलीत आलेलं मूल दहावीपर्यंत दहा वर्षं वर्गात असतं, कंपनीचा नफा मात्र दरवर्षी हलतो. तीन वर्षांच्या सरासरीमुळे धक्का थोडा मऊ होतो, इतकंच. म्हणून संगणक-कक्षाची फीत कापायला कंपन्या रांग लावतात, आणि शिक्षकांच्या आठव्या वर्षाच्या पगाराचं नाव काढलं की बैठकीत चहा मागवला जातो.