कार्डाचे वरचे २ टक्के परत कसे मिळाले: माझा अनुभव

कोटेशन १,४०,००० रुपयांचं होतं आणि मशीनवर आकडा पडत होता १,४३,३०४. मुलुंडला आईच्या फ्लॅटमध्ये बाथरूमचं काम काढलं होतं. खालच्या मजल्यावर गळती, त्यावरून सोसायटीची नोटीस, मग जुन्या लाद्या उखडून वॉटरप्रूफिंग, नवे पाइप, नव्या टाइल्स. काम उत्तम झालं, हे आधीच सांगते. वाद फक्त शेवटच्या आकड्याचा.

"ताई, कार्डावर २ टक्के वर लागतात. त्यावर १८ टक्के जीएसटी. सगळीकडे असंच आहे," कंत्राटदार म्हणाले. म्हणजे २,८०० अधिक ५०४. त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती. बँक माझ्याकडून कापते ते मी गिऱ्हाइकाकडून घेतो, इतका सरळ हिशोब.

मला क्रेडिट कार्डच वापरायचं होतं. एक तर पैसे भरायला महिनाभर सवड मिळते, आणि पुढे कामावरून वाद झालाच तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे व्यवहारावर हरकत घेता येते. रोख दिल्यावर ती सोय उरत नाही. यूपीआयची नेहमीची मर्यादा दिवसाला १ लाखाची, त्यामुळे तिथेही दोन दिवसांत तुकडे करावे लागले असते.

मी एवढंच म्हटलं, "ठीक आहे, पण हे पैसे बिलात वेगळ्या ओळीत लिहून द्या." त्यांनी पक्क्या बिलावर 'कार्ड चार्जेस ३,३०४' असं लिहिलं, शिक्का मारला, आणि मी कार्ड घासलं. पुढचं सगळं त्या एका ओळीवर चाललं. नुसतं तोंडी सांगून मशीनवर वाढीव रक्कम टाकली असती, तर मी काय दाखवणार होते?

आता यातला नियम. कार्ड घासलं की दुकानदाराच्या खात्यात पूर्ण रक्कम येत नाही, त्यातून एमडीआर नावाचं शुल्क कापलं जातं. ते देण्याची जबाबदारी दुकानदाराची. डेबिट कार्डाबाबत रिझर्व्ह बँक स्पष्ट आहे: २०१३ साली तिने बँकांना कळवलं की गिऱ्हाइकाकडून असे पैसे घेणाऱ्या दुकानदाराशी संबंध तोडावेत. १ जानेवारी २०१८ पासून डेबिट कार्डाच्या एमडीआरला कमाल मर्यादा आहे, छोट्या व्यापाऱ्याला ०.४० टक्के, इतरांना ०.९० टक्के. रुपे डेबिट आणि यूपीआयवर तर २०२० पासून ते शून्यच आहे. क्रेडिट कार्डाला मात्र अशी मर्यादा नाही. तिथला दर बँक आणि व्यापारी आपसात ठरवतात, साधारण २ टक्क्यांच्या आसपास. पण मशीन घेताना व्यापारी बँकेशी करार करतो आणि हे शुल्क गिऱ्हाइकावर टाकायचं नाही, अशी अट सहसा त्या करारातच असते. पेट्रोल पंपावर आणि रेल्वेच्या ऑनलाइन तिकिटावर अधिभार दिसतो, त्यामुळे लोकांना तो सगळीकडेच रीतसर वाटतो.

आधी मी माझ्या कार्डाच्या बँकेला फोन केला. तिथल्या मुलीने नम्रपणे सांगितलं की दुकानदाराने काय लावलं ते आम्ही बघत नाही. एका अर्थी बरोबरच होतं, कारण इथे कामाची बँक वेगळी असते: ज्या बँकेचं मशीन, ती. तिचं नाव चार्ज स्लिपवर छापलेलं असतं, सोबत एमआयडी (दुकानदाराचा) आणि टीआयडी (मशीनचा) हे दोन क्रमांक. स्लिपची शाई काही काळाने उडते, म्हणून लगेच फोटो काढून ठेवा.

त्या बँकेच्या तक्रार विभागाला कोटेशन, बिल आणि स्लिप जोडून मेल केला. २०१३ च्या परिपत्रकाचा आधार मुद्दाम घेतला नाही, कारण ते डेबिट कार्डाचं आहे आणि समोरचा तेवढ्यावरून हात झटकतो. 'तुमच्या करारात अशी वसुली चालते का, लेखी कळवा' एवढंच विचारलं. उत्तर आलं की तुम्ही आमचे खातेदार नाही. ठरलेलं उत्तर! मग तोच मेल, एमआयडी ठळक करून, त्याच बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या वरच्या अधिकाऱ्याला. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवरून तिच्या लोकपालाकडे जाईन, असंही लिहिलं. लोकपाल तक्रार ऐकतो ती बँकेविरुद्ध, दुकानदाराविरुद्ध नव्हे. दुकानदारासाठी १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथे जायची वेळ आली नाही.

कारण एका दुपारी कंत्राटदारांचाच फोन आला. आवाज चढलेला. "ताई, बँकेत कशाला गेलात? मला सांगायचं ना. मशीन बंद करतील म्हणतात."

"तुम्हाला आधी विचारलं असतं तर दिले असते का परत?"

ते थोडं हसले. मग म्हणाले, "पण माझ्या मजुरीतून का जावेत?"

हा प्रश्न मला खोटा वाटत नाही. भारीतल्या कार्डांवर बक्षिसाचे पॉइंट मिळवतो आपण, आणि त्याचा काही भार पडतो तो अशा माणसाच्या एमडीआरवर. पण त्याचा मार्ग कोटेशनमध्ये आहे. दर आधीच धरा, सगळ्यांना एकच सांगा, आणि रोख किंवा एनईएफटीने देणाऱ्याला हवी तर सूट द्या. ठरलेल्या भावावर शेवटी वाढ लावणं वेगळं, सांगितलेल्या भावातून सूट देणं वेगळं. हे त्यांना फोनवरच सांगितलं, त्यांनी 'बघतो' म्हटलं.

३,३०४ रुपये त्यांनी मशीनवरूनच कार्डावर परत केले, पुढच्या स्टेटमेंटमध्ये जमा दिसले. ते हातात रोख द्यायला तयार होते, पण मी कार्डावरच मागितले, म्हणजे बिल आणि व्यवहार जुळतात.

नंतर स्वयंपाकघराच्या ओट्याचं कामही त्यांनाच दिलं. नव्या कोटेशनमध्ये दर मला जरा चढे वाटले, आणि खाली ओळ होती: 'एनईएफटीने पूर्ण रक्कम दिल्यास २ टक्के सूट.' मी एनईएफटी केलं.