कोल्हापूरला नऊ अक्षरं

रविवार, रात्री साडेअकरा

दिवाळी पाडवा १९ दिवसांवर आला. त्या दिवशी गुळाचे मुहूर्ताचे सौदे, आणि अडत दुकानांसाठी (शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या) केलेलं आमचं अ‍ॅप तेव्हाच सुरू करायचा बेत होता. दुपारी राजारामपुरीतल्या आमच्या खोलीत तिघंही कॅलेंडर घेऊन बसलो आणि उलटे दिवस मोजले. नव्या वैयक्तिक खात्यावरून प्ले स्टोअरला अ‍ॅप टाकायचं तर गूगलला आधी किमान १२ टेस्टर सलग १४ दिवस दाखवावे लागतात. मग परवानगी मागायची आणि तिची वाट बघायची. २५ डॉलर भरून खातं उघडलं तेव्हा हे वाचलंच नव्हतं. गाढवपणा माझा.

ताई म्हणाली, "अ‍ॅप राहू दे, ब्राउझरमध्ये उघडणारं पान देऊ." मावसभाऊ तासभर गप्प होता, आयकॉन त्यानं चार वेळा काढलाय. पण तिचंच बरोबर. पानात चूक निघाली तर रात्रीत दुरुस्त करता येते. अडत दुकानातल्या दिवाणजींना "अपडेट करा हो" म्हणून विनवत फिरावं लागत नाही.

खरं डोकं खाल्लं ते मेसेजनं. सौदा झाला की शेतकऱ्याच्या फोनवर एसएमएस जावा, एवढंच आम्हाला हवंय. देवनागरी मेसेजला ७० अक्षरांची मर्यादा. त्यापुढे एक जरी गेलं तरी दोन मेसेजचे पैसे. आणि अक्षर म्हणजे आपण शाळेत मोजायचो ते नव्हे: काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, सगळं वेगळं धरतात. 'कोल्हापूर' आपल्या लेखी चार अक्षरं, मशीनच्या लेखी नऊ! "आपल्या मालाची पट्टी तयार आहे" (पट्टी म्हणजे विक्रीचा हिशोब लिहिलेला कागद) यातच २८ संपतात, आणि अजून काहीच सांगितलेलं नसतं. इंग्रजी लिपीत लिहिलं तर १६० मिळतात, पण गुऱ्हाळावर उभ्या माणसाला 'rave' (रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा) काय वाचायला लावायचं, म्हणून तो विचार सोडला.

बरं, मजकूर नंतर बदलू म्हणावं तर तेही नाही. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या नियमानं तो आधी डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी-यंत्रणेत मंजूर करून घ्यावा लागतो. मोकळ्या ठेवलेल्या जागांतले आकडे तेवढे बदलतात. बाकी सगळं आम्ही घाईत ठरवलं तरी चालणार होतं, या एका ओळीचं तसं नाही.

म्हणून काल सकाळी शाहू मार्केट यार्डात काकांच्या अडत दुकानी गेलो. आमच्या मसुद्यात हमाली, तोलाई आणि उचल (शेतकऱ्यानं दुकानातून आधीच घेतलेले पैसे) वजा करून हातात पडणारी रक्कम होती. शेतकऱ्याला तेवढीच हवी असणार, असा आमचा समज. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन लांब धरून वाचलं आणि म्हणाले, "उचल काढा यातनं."

"का काका?"

"अरे, फोन घरात पोराच्या हातात असतोय. बापानं किती उचल घेतलीया ते तुमी घरभर सांगत सुटणार व्हय? वजन आणि दर टाका. बाकीचं पट्टीवर. पट्टी तो खिशात घालतोय."

तीन महिने कोड लिहिताना हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. रक्कमही काढली, कारण ती दिसली की उचल कळतेच.

आता उरलं ते असं: रवे ४२, वजन १२.६० क्विं., दर ४१५०. पट्टी दुकानात मिळेल. दोनदा मोजलं, ५५ भरले. उरलेल्या १५ मध्ये दुकानाचं नाव.

पाडव्याला सुरू करायचं नाही, हेही ठरलं. मुहूर्ताच्या सौद्याला हार, फोटो, पुढारी, गर्दी. त्यात आमचं पान अडकलं तर वर्षभर तेच ऐकायला लागेल. दोन दिवसांनी, एकट्या काकांच्या दुकानात, वहीच्या जोडीनं सुरू करणार.

रात्री नाव बसवायला घेतलं. काकांच्या पाटीवर त्यांच्या आजोबांचं पूर्ण नाव आहे, आणि शेवटी 'आणि कंपनी'. तेवढ्यालाच नऊ जातात. 'अँड को.' केलं तर सात, म्हणजे वाचतात दोन. आजोबांना कात्री लावा असं काकांना सांगायला ताई तयार नाही, मीही नाही. मावसभाऊ म्हणाला, त्यांचे दोन मेसेज धरा, जादाचे पैसे आपण सोसू. धरले.