फेसलेली मोहरी

माझा टीएसएच, म्हणजे थायरॉइड मंदावला की रक्तात वाढणारा तो आकडा, अकरा आला त्याच संध्याकाळी आमच्या घरातून कोबीची पचडी हद्दपार झाली. रिपोर्ट मी फक्त नणंदेला पाठवला होता. पाच मिनिटांत तिचा फोन. "वहिनी, आजपासून कच्चा कोबी बंद. मुळा बंद, फ्लॉवर बंद, नवलकोल बंद. खरं म्हणजे कच्चं काही नकोच." या शेवटच्या वाक्यात काकडी, गाजर आणि टोमॅटोही सापडले. दंगा एकाने केला आणि पोलिसांनी अख्खी चाळ उचलली, तसं झालं.

सासूबाईंना हे काही पटलं नाही. "आमच्या वेळी गळ्याशी गाठ दिसली की गलगंड म्हणायचे. तुझा गळा तर चांगला सरळ आहे," असं म्हणत त्यांनी माझ्या गळ्याकडे दोन-तीनदा निरखून पाहिलं. तरी लेकीचा हुकूम त्यांनी मानला. त्यांच्या हातची पचडी म्हणजे विळीवर केसासारखा चिरलेला कोबी, लिंबू, किंचित साखर, मिरची, दाण्याचं कूट, ओलं खोबरं आणि वरून हिंग-मोहरीची चरचरीत फोडणी. वरणभाताशेजारी ती नसली की ताटाची डावी बाजू सुनी वाटायची. तिथे आता लोणच्याची फोड एकटीच बसू लागली.

तर त्या लोणच्यासाठीच एकदा आई, म्हणजे सासूबाई, मोहरी फेसत होत्या. खलात मोहरी, थोडं पाणी, आणि हात गोल गोल. थोड्या वेळाने तो झणका असा सुटला की मी दाराशी उभी असूनही नाकातून थेट टाळूत गेला. डोळे पुसता पुसता माझ्या मनात आलं, डब्यातल्या मोहरीला तर कसलाच वास नसतो. आणि फोडणीत तडतडलेली मोहरी इतकी गरीब कशी? मग मी वाचत बसले, आणि नणंदेच्या हुकुमाचं मूळ मला त्या खलातच सापडलं.

मोहरी, कोबी, मुळा, फ्लॉवर, नवलकोल ही सगळी एकाच कुळातली भावंडं. त्यांच्या पेशींत ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त द्रव्यं एका कप्प्यात असतात आणि त्यांना फोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, दुसऱ्या. अख्ख्या दाण्यात दोघांची गाठ पडत नाही. चिरलं, किसलं, चावलं, फेसलं की पडते, आणि तो झणका जन्माला येतो. कडकडीत तेलात विकर मरतं, म्हणून फोडणीची मोहरी खमंग लागते, पण नाकात जात नाही. आपल्या बायकांनी 'फेसणे' हे वेगळं क्रियापद उगाच नाही राखलं! या द्रव्यांपासून पुढे शरीरात थायोसायनेट तयार होतं. ते थायरॉइडच्या दाराशी आयोडिनच्या रांगेत घुसतं आणि आयोडिनला मागे ढकलतं. काही भाज्यांतलं गॉयट्रिन तर आत संप्रेरक तयार होण्यातच खोडा घालतं. भाजी नीट शिजवली की हा उपद्रव बराच कमी होतो.

म्हणजे नणंद खोटं बोलत नव्हती. 1928 साली अमेरिकेत, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये काही सशांना गलगंड झाला. ससे पाळले होते भलत्याच रोगाच्या अभ्यासासाठी. त्यांना खायला मुख्यतः कोबी मिळत होता, इतकंच. माणसांतली एक गोष्ट तर मला फारच लागली. 2010 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात आलेली. अठ्ठ्याऐंशी वर्षांची एक चिनी आजी मधुमेह आटोक्यात राहावा म्हणून बॉकचॉय, म्हणजे कोबीचाच चिनी भाऊबंद, कच्चाच खात होती. रोज एक ते दीड किलो, कित्येक महिने. शेवटी थायरॉइड इतका मंदावला की ग्लानीत दवाखान्यात न्यावं लागलं.

दीड किलो! मी उठून फ्रिजमधला गड्डा काट्यावर ठेवला. भरला नऊशे ग्रॅम. त्याच्या पावभागात आमच्या चौघांची पचडी होते आणि दुसऱ्या दिवशी थालीपिठात घालण्याइतकी उरते. त्या आजीची बरोबरी करायची तर मला नोकरी सोडून चरायलाच बसावं लागेल. बाकी बाजरीतही थायरॉइडला नडणारी द्रव्यं असतात आणि ती भाजूनही जात नाहीत, हे मी आईंना मुद्दामच सांगितलं नाही. संक्रांत जवळ आली होती.

रांगेत घुसणारा कधी भारी पडतो? रांगेत आयोडिन मुळातच कमी असेल तेव्हा. आणि इथे मला स्वयंपाकघरातली ती देखणी बरणी आठवली. दिवाळीत नणंदेनेच दिलेलं, आयोडिन न मिसळलेलं गुलाबी सैंधव मीठ! तेव्हापासून आम्ही तेच वापरत होतो. हिमाचलात कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामींनी 1956 पासून आयोडिनयुक्त मीठ वाटून गलगंड कमी होतो हे दाखवून दिलं, 1962 मध्ये देशाने त्यासाठी कार्यक्रम आखला, घरात पोचेपर्यंत मिठात किलोमागे निदान 15 मिलिग्रॅम आयोडिन उरलं पाहिजे असा नेम झाला. आणि आम्ही चौपट पैसे मोजून ते बाहेर काढलं. कोबीला दाराबाहेर उभं करून!

तीन महिन्यांनी टीएसएच नऊ. पचडी नाही, मुळा नाही, तरी नऊच. डॉक्टरांना मी माझ्या त्यागाची यादी ऐकवली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली. माझा थायरॉइड शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने पोखरलेला आहे, त्यात कोबीचा काही हात नाही, असं सांगून त्यांनी विचारलं, "थायरॉइडची गोळी कशी घेता?"

"सकाळी, उपाशीपोटी."

"फक्त तीच?"

"तीच. आणि कॅल्शियमची. दोन्ही एकदमच घेते, म्हणजे विसरायला नको."

त्यांनी पेन खाली ठेवलं. कॅल्शियम थायरॉइडची गोळी आतड्यातच अडवून धरतं, दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. चहासुद्धा तासभर थांबून. सगळ्या पथ्यांत मला जड गेलं ते हे. पहाटे गोळी घेऊन तासभर त्या पातेल्याकडे नुसतं बघत बसायचं.

पुढच्या वेळी टीएसएच साडेतीन आला. रविवारी आईंनी विळी काढली. कोबी चिरून झाला, कूट घातलं, लिंबू पिळलं, कढल्यात मोहरी तडतडली. मग त्या दोन बरण्या हातात घेऊन माझ्याकडे वळल्या.

"कुठलं घालू गं?"

"पांढरं."

"आणि दुपारी ती येतेय, तिला?"

"तिला तिचं गुलाबी."