पौष पौर्णिमेचा बाजार

जेजुरीला पौष पौर्णिमेला गाढवांचा बाजार भरतो. तिथल्या उपचार शिबिरात पशुवैद्यक म्हणून माझी ड्यूटी लागली, ते माझं पहिलंच वर्ष. थंडी मी म्हणत होती. गडावरून 'येळकोट येळकोट जय मल्हार' ऐकू येत होतं आणि खाली बंगाली पटांगणात जनावरं दाटीनं उभी होती. काही गावठी, काही काठेवाडी. काठेवाडी उंचीनं आणि हाडानं दणकट, म्हणून भावही चढा.

या बाजाराला पिढ्या झाल्या. वैदू, बेलदार, कैकाडी, वडार, कुंभार अशा भटक्या नि कष्टकरी जमाती खंडोबाला यायच्या, तेव्हाच जनावरांची देवघेव उरकायची. सोयरिकी जमायच्या, भांडणंही इथेच मिटायची. पण आता वीटभट्टीवर ट्रॅक्टर आला, मातीला जेसीबी. २०१२च्या पशुगणनेत देशात सुमारे ३.२ लाख गाढवं होती, २०१९ला जेमतेम १.२ लाख उरली. हे आकडे मला पाठ होते. त्या दिवशी मात्र त्यामागची माणसं भेटली.

दुपारी एक म्हातारा करड्या रंगाची गाढवी घेऊन आला. मागे गिऱ्हाईक, तरुण पोरगा. त्याला वयाची खात्री हवी होती. मी ओठ वर करून पाहिलं. मधले चार दात मोठे, पिवळसर, कायमचे. कडेचे दोन अजून दुधाचे, पांढरे, बारके. साडेतीन ते चार वर्षं, मी म्हणालो. "चौवान," म्हातारा म्हणाला. दोन दातांचं ते दुवान, चार दातांचं चौवान. कॉलेजात आम्ही जे तक्त्यावरून घोकलं, ते या माणसांच्या बोलण्यात किती आधीपासून आहे!

पोरगा पैसे मोजायला लागला, तसा म्हातारा म्हणाला, "थांब. पुढचा डावा पाय बघून घे. सकाळधरनं चोरतीय."

गाढवी उभी होती तोवर ते कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, माझ्याही नाही. तो गप्प राहिला असता तर सौदा होऊन गेला असता.

मी खूर हातात घेतला. गरम लागत होता. कडेला एक काळा ठिपका दिसला. तिथं खुरपीनं थोडं कोरलं, तर काळपट, घाण वासाचा पू भळकन आला आणि पाठोपाठ विटेची कच. गाढवीनं लांब श्वास सोडला. जखम धुतली, पट्टी बांधली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. आठवडाभर कोरड्या जागी बांधायला सांगितलं.

पोरानं निम्मे पैसे दिले. उरलेले रंगपंचमीला, मढीच्या यात्रेत. चिठ्ठी नाही, साक्षीदार नाही. मी न राहवून म्हणालो, "फोन नंबर तरी घ्या."

"कशाला? कानिफनाथाला समदीच येत्यात. ह्याचा आजा बी तिथंच पैसं द्यायचा."

रजिस्टरमध्ये मालकाचं नाव लिहायचं होतं. पैसे तर निम्मेच आले होते. मी म्हाताऱ्याकडे पाहिलं. त्यानं कनवटीची पुडी सोडली, चिमूटभर भंडारा गाढवीच्या कपाळाला लावला आणि दोर पोराच्या हातात दिला.

"त्याचंच लिवा, डाक्टर."