बाबा पाणी पाहत होते

शनिवार, रात्री अकरा

सगळे झोपलेत. मुक्कामाच्या खोलीत एकच दिवा ठेवून लिहायला बसलेय, कारण आजचं उद्यावर टाकलं तर निम्मं विसरेन.

मत्स्यालय खरं तर लेकासाठी ठरवलं होतं. त्याला शार्क बघायचा होता. काचेच्या बोगद्यात शिरलो आणि डोक्यावरून तो गेलाच, पांढरंफटक पोट दाखवत, अगदी सावकाश. लेक ओरडेल असं वाटलं होतं, पण त्याने फक्त माझा हात घट्ट धरला. पाठोपाठ एक पाकट काचेला चिकटून वर सरकलं. "आई, ते हसतंय!" खालून तसंच दिसतं खरं. आपल्याला डोळे वाटतात त्या त्याच्या नाकपुड्या असतात, डोळे वरच्या अंगाला.

बोगद्यातून बाहेर आलो तर बाबा नाहीत. फोन लागेना. गर्दी, अंधार, त्यात त्यांचे गुडघे दुखतात; जीव नुसता खालीवर झाला. आई मात्र शांत. म्हणाली, "पाण्याचा आवाज कुठून येतोय बघ, तिथे असतील."

तिथेच होते. एका कोपऱ्यातल्या खिडकीतून मागची यंत्रखोली दिसते, पाइप, पंप, वाळूच्या फिल्टरच्या मोठाल्या टाक्या. लोक तिकडे बघतही नव्हते. बाबा कठड्याला टेकून तिथल्या ताईंना विचारत होते, "बॅकवॉश किती दिवसांनी घेता?" म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुणं.

बाबांची सगळी नोकरी जलशुद्धीकरण केंद्रात गेली. तुरटी, क्लोरीन, गढूळपणा, रात्रपाळी. मला लहानपणी एवढंच कळायचं की बाबा दमून येतात आणि त्यांच्या शर्टाला क्लोरीनचा वास येतो. त्या कामाबद्दल मी त्यांना कधी काही विचारलं नाही. आज ऐकलं, तेही ते दुसऱ्या कुणाला सांगत होते म्हणून.

ताईही मनापासून सांगत होत्या. माशांच्या अंगातून अमोनिया पाण्यात जातो, आणि बंद टाकीत तेच त्यांना विष होतं. फिल्टरमध्ये वाढवलेले काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही घातकच. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते माशांना बरंच सोसतं. नव्या टाकीत हे जिवाणू रुजायला काही आठवडे लागतात, तोवर मासे भरून चालत नाही. एका उंच नळकांड्यात खालून हवेचे बुडबुडे सोडून पाण्याचा फेस करत होते. घाण फेसाला चिकटून वर येते आणि वरच्या वर काढून टाकतात. बाबा ते नळकांडं किती वेळ बघत राहिले.

"आम्ही जिवाणू मारायला क्लोरीन घालायचो," ते म्हणाले, "आणि तुम्ही ते जपता." नळाचं पाणी घेतलं तर आधी त्यातला क्लोरीन काढावा लागतो, नाहीतर माशांच्या कल्ल्यांना इजा होते, हे ऐकून त्यांनी हळूच मान हलवली.

जेलीफिश, समुद्रघोडे वगैरे नंतर भराभर पाहिले. नर समुद्रघोडा अंडी आपल्या पिशवीत वाढवतो, हे वाचून आईने तिथे दोन मिनिटं जास्त घेतली.

रात्री रेस्टॉरंटमध्ये ऑर्डर यायला बराच उशीर झाला, आणि बरंच झालं. वेटरने पाणी ओतलं. बाबांनी नेहमीसारखा ग्लास उचलून दिव्यासमोर धरला. या सवयीची मला कायम लाज वाटायची. लग्नकार्यात, पाहुण्यांकडे, कुठेही ते हे करायचे. आज लेकाने विचारलं, "आजोबा, काय बघताय?" मी तीस वर्षांत न विचारलेला प्रश्न. बाबांनी त्याला ग्लास दिला, तिरपा कसा धरायचा ते दाखवलं, तरंगणारे कण कसे ओळखायचे ते सांगितलं. मग कागदी नॅपकिनवर वाळूचे थर काढले, खाली जाड खडी, वर बारीक वाळू. जेवण आलं तेव्हा नॅपकिन बाजूला ठेवायला दोघेही तयार नव्हते. मी तो घडी करून पर्समध्ये ठेवलाय.

झोपायला जाताना बाबा दारात थांबले. "उद्या निघायच्या आधी ते किती वाजता उघडतं गं?"

दहाला उघडतं. बाकीच्यांना आवराआवरीला वेळ हवाच आहे. मी आणि बाबा जाऊन येऊ.