आमची वाटचाल : आधी माप, मग भाव

गॅरेजच्या फोनवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच. "ब्रेक बदलायला किती घ्याल?" गाडी कुठली, किती चालली, आवाज येतो का, पेडल खाली जातो का, काहीही न सांगता थेट आकडा हवा असतो. त्यात विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. बॅटरीचा भाव फोनवर कळतो, टायरचा कळतो, मग ब्रेकचाच का कळू नये? आमचं गॅरेज उभं राहिलं ते या प्रश्नाला धड उत्तर द्यायच्या खटपटीतून.

मी आणि माझा मावसभाऊ, दोघंही दुसऱ्यांच्या गॅरेजांत हात काळे करत शिकलो. तो इंजिनातला, मी गाडीच्या खालच्या कामातला. स्वतःचं काही काढायचं ठरलं तेव्हा इंजिनाच्या कामाला लागणारी जागा, हत्यारं, भांडवल यातलं काही हाताशी नव्हतं. ब्रेकच्या कामाला जॅक, स्टँड, पान्यांचा संच, पिस्टन मागे दाबायचा क्लँप एवढं पुरतं. म्हणून ब्रेक. यामागे थोर विचार वगैरे काही नव्हता.

धंद्यात उतरलो तेव्हा भाव सांगायच्या दोन तऱ्हा दिसायच्या. पहिलीत फोनवर स्वस्त आकडा सांगायचा. तो फक्त पुढच्या पॅडचा, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दाबून धरणाऱ्या गुटक्यांचा असतो. गाडी एकदा जॅकवर चढली की "साहेब, डिस्कपण गेली, कॅलिपरपण धरतोय" असं एकेक निघत जातं (कॅलिपर म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा, आत पिस्टन असलेला चिमटा). दुसऱ्या तऱ्हेत गाडी आली की पॅड, डिस्क, ऑइल, सगळंच बदलायचं, म्हणजे नंतर तक्रारच नको. पहिल्या तऱ्हेत ग्राहक चिडतो, दुसरीत त्याचे पैसे जातात. आणि दोन्हीकडे एक गोष्ट कुणीच करत नाही. माप घेत नाही.

आम्ही ठरवलं की चाक काढून मापं घेतल्याशिवाय आकडा सांगायचा नाही. तपासणीचे थोडे पैसे घ्यायचे, काम आमच्याकडे केलं तर ते बिलातून वजा करायचे. फोनवर हे ऐकून बरेच लोक "बरं, बघतो" म्हणून ठेवून द्यायचे. मावसभाऊ म्हणायचा, "अरे, निदान अंदाज तरी सांगत जा." तेव्हापासून मी अंदाजाऐवजी कामाचे टप्पे सांगतो : नुसते पॅड, पॅड आणि डिस्क, किंवा कॅलिपरसकट. मधल्या टप्प्यातला सुट्या भागांचा खर्च सहसा पहिल्याच्या दुप्पट-तिप्पट होतो, पण मजुरी तेवढी वाढत नाही. ऐकणाऱ्याला निदान कळतं की आपला आकडा कुठे अडलाय.

मजुरी का वाढत नाही, हे एकदा समजलं की बिल वाचणं सोपं जातं. पुढच्या एका जोडीचे पॅड बदलायला, काही गंजून अडकलं नसेल तर, साधारण तासभर लागतो. त्यातला बराचसा वेळ गाडी उचलणं, चाकं काढणं, कॅलिपर सोडवणं, साफसफाई आणि परत जोडणी यात जातो. डिस्क काढायची तर कॅलिपरचा ब्रॅकेट आणि एखाददुसरा स्क्रू तेवढा जास्तीचा. म्हणून पॅड आज आणि डिस्क चार महिन्यांनी, असं केलं की तीच मजुरी दोनदा भरावी लागते. एवढ्यासाठी चांगली डिस्क फेकायची का? नाही. इथेच मापाची गरज पडते.

डिस्कवर तिची किमान जाडी बहुधा कोरलेलीच असते. समजा नवी डिस्क २२ मि.मी.ची आहे आणि किमान मर्यादा २० ची. म्हणजे दोन्ही बाजू मिळून तिच्या सगळ्या आयुष्यात २ मि.मी. झिजायला वाव. गाडी आली तेव्हा माप २१.३ भरलं तर मी डिस्कला हात लावत नाही, पॅड घालून गाडी देतो. २०.३ भरलं तर आज ती मर्यादेत बसेल, पण नवे पॅड झिजायच्या आत मर्यादेखाली जाईल. तेव्हा डिस्क आत्ताच बदला, असं मी सांगतो आणि आकड्यासकट सांगतो. ग्राहकानं नाही म्हटलं तर कार्डावर माप लिहून पुढच्या तपासणीची तारीख टाकतो. हे माप मायक्रोमीटरनं घ्यायचं. साध्या व्हर्नियरचे जबडे डिस्कच्या कडेला उरलेल्या न झिजलेल्या, गंजलेल्या काठावर बसतात आणि जाडी आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात. नव्या पोराला पहिल्या आठवड्यात आम्ही हेच शिकवतो, मुद्दाम दोन्हींनी मोजायला लावून.

पॅडचं गणित सोपं. नव्या पॅडवर घर्षणाचा थर साधारण १० ते १२ मि.मी. असतो, ३ च्या आसपास आला की बदलायचा. ५ असेल तर तपासणीचे पैसे घेऊन गाडी परत. यावर आमच्याच पोरांशी माझे वाद झालेत : "आलेलं काम सोडायचं?" हो, सोडायचं. पॅड मात्र बदलायचे ते एकाच अ‍ॅक्सलच्या दोन्ही चाकांचे. "एकाच बाजूचे बदलून द्या, अर्धे पैसे घ्या" अशी मागणी येते, ती आम्ही घेत नाही. दोन चाकांची पकड वेगवेगळी झाली की ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते.

एक निवृत्त शिक्षक ब्रेकच्या आवाजाची तक्रार आणि हातात तीन ठिकाणचे कोटेशन घेऊन आले होते. तिघांनी चाकाच्या जाळीतून डोकावून पॅड "अजून निम्मे आहेत" म्हणून सांगितलेलं. एकानं आवाजासाठी डिस्क बदलायला सांगितली होती, एकानं सस्पेन्शन, तिसऱ्यानं काहीच नाही. चाक काढलं. बाहेरचा पॅड खरंच ६ मि.मी. होता. आतल्या पॅडवर थर नावालाही नव्हता, पाठीची लोखंडी पट्टी डिस्कच्या आतल्या बाजूवर घासून चर पाडत होती. कॅलिपर ज्या दोन पिनांवर मागेपुढे सरकतो त्यातली खालची पिन कोरडी पडून गच्च बसली होती. तिचा बूट, म्हणजे वरचं रबरी आवरण, फाटलेला, आत पाणी शिरून गंज. पिस्टन आतल्या पॅडला दाबत होता, पण कॅलिपर सरकून बाहेरच्या पॅडला ओढू शकत नव्हता.

"मास्तर, हे बघा," म्हणून मी दोन्ही पॅड त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते बोटांनी चाचपले आणि म्हणाले, "म्हणजे तिघांनी उत्तरपत्रिकेचं पहिलंच पान तपासलं!" पिना, बूट, रबर किट, पॅडचा सेट आणि डिस्कची जोडी एवढ्यावर काम झालं. कॅलिपरचा पिस्टन क्लँपच्या हलक्या दाबानं सरकत होता, त्याचं बूट शाबूत होतं, म्हणून नवा कॅलिपर लागला नाही. आधीच्या वेळी पॅड बदलताना कुणी त्या पिना काढून पुसून सिलिकॉनचं ग्रीस लावलं असतं, तर त्यांची डिस्कही वाचली असती. त्या ग्रीसचा खर्च बिलात दिसणारही नाही इतका असतो. साधं खनिज तेलाचं ग्रीस मात्र चालत नाही, रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते.

तेव्हापासून आमच्या कार्डावर आतला पॅड आणि बाहेरचा पॅड असे वेगळे रकाने आहेत. जुने भाग ग्राहकाला दाखवून, हवे असतील तर खोक्यात घालून देतो.

धंद्याला खरी कलाटणी मिळाली ती पगाराच्या पद्धतीतून. पूर्वी आमच्याकडेही बऱ्याच ठिकाणी असतं तसं विकलेल्या भागांवर मिस्त्रीला कमिशन होतं. मग त्याला डिस्क पातळ दिसणारच! माणूस वाईट नसतो, पण महिनाअखेर जवळ आली की डोळा तसा बघायला लागतो. कमिशन बंद करून आम्ही पगार वाढवले आणि वरची रक्कम एकाच गोष्टीवर ठेवली : केलेलं ब्रेकचं काम त्याच तक्रारीसाठी परत आलं नाही तर. एक चांगला कारागीर यावरून सोडून गेला. त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं, त्याची मिळकत सुरुवातीला खरोखर घटली. पण हिशोब पुढे जुळला, कारण परत येणाऱ्या गाडीवर जाणारा तास फुकटचा असतो आणि तो कुणीतरी भरतच असतो. तुम्ही कुठेही काम करून घ्या, जमलं तर मिस्त्रीला पैसे कशाचे मिळतात ते विचारून बघा. कोटेशनपेक्षा जास्त कळेल.

सुट्या भागांचा घोळ मोठा आहे. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या खोक्यातला माल सगळ्यात महाग. पण गाड्यांच्या कंपन्या ब्रेकचे बहुतेक भाग स्वतः बनवत नाहीत. बॉश, ब्रेम्बो, झेडएफ (टीआरडब्ल्यू हा तिचाच ब्रँड) अशा कंपन्या त्यांना माल पुरवतात आणि स्वतःच्या नावानं खुल्या बाजारातही विकतात. आम्ही जास्त करून हा दुसरा माल वापरतो आणि कोटेशनवर दोन्ही भाव लिहितो. तिसरा प्रकार नकली खोक्याचा. छपाई धुरकट, पॅडच्या पाठीवर बॅचचा क्रमांक नाही, थराच्या कडा भुसभुशीत. ग्राहकानं बाहेरून आणलेला माल आम्ही बसवतो, पण अशा पॅडला नाही म्हणतो, मग तो कितीही आग्रह करो. एसीचा नकली फिल्टर फार तर धूळ आत सोडेल, नकली पॅड जिवावर बेतेल.

ब्रेक ऑइल ही बिलातली स्वतंत्र ओळ असावी, पॅडच्या पोटात दडवलेली नको. पॅड बदलले म्हणून ऑइल बदलावंच लागतं असं नाही, आणि ऑइलची मुदत पॅड नवे आहेत म्हणून लांबत नाही. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ या प्रतीचं ऑइल ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाण्याचं प्रमाण ३.७ टक्के झालं की हीच मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. डॉट ३ ची २०५ वरून १४० होते. लांब घाट उतरताना ऑइल उकळून वाफ झाली की पेडल स्पंजासारखा खाली जातो, वाफ दाबली जाते आणि ब्रेकला जोर पोचत नाही. बहुतेक गाड्यांना साधारण दोन वर्षांची मुदत दिलेली असते, तरी आपल्या गाडीचं पुस्तक बघावं. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते या दोघांत मिसळायचं नसतं. ५.१ मात्र याच घराण्यातलं. ही नावं देणाऱ्यांनी जरा विचार करायला हवा होता.

"ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं, डिस्क वाकली" ही तक्रार घेऊन आलेल्यांना नवी डिस्क लागेलच असं नाही. डिस्क वाकण्यापेक्षा तिची जाडी ठिकठिकाणी कमी-जास्त झालेली असते, आणि त्याचं मूळ बरेचदा हबवरच्या (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागावरच्या) गंजात किंवा नट वेडेवाकडे आवळण्यात असतं. हब घासून साफ न करता वर नवी डिस्क चढवली तर काही हजार किलोमीटरनंतर तीच थरथर. आमच्याकडे डायल गेजनं डिस्कची फिरकी, म्हणजे फिरताना ती किती डुलते ते, बघितल्याशिवाय चाक चढत नाही आणि नट टॉर्क रेंचनंच, म्हणजे ठरल्या जोराच्या पान्यानंच, आवळले जातात. डिस्क कापायची लेथही आम्ही ठेवली आहे, पण ती आता क्वचितच चालते. हल्लीच्या डिस्कमध्ये कापायला फारसं मांस नसतं आणि कापायची मजुरी नव्या डिस्कच्या भावाजवळ जाते.

मागच्या चाकांचा भाव वेगळा का, हे हल्ली रोज समजावून सांगावं लागतं. मागे डिस्कऐवजी ड्रम असेल तर शू (ड्रमला आतून घासणारे गुटके), स्प्रिंगा, अ‍ॅडजस्टर, व्हील सिलिंडरची गळती बघणं, शेवटी हँडब्रेक जुळवणं, हे वेळखाऊ काम आहे. बटणाचा इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावून त्या हँडब्रेकची मोटर मागे घ्यावी लागते, तेव्हाच पिस्टन दाबायचा. क्लँपनं जोर करून ढकलला की मोटरची यंत्रणा मोडते आणि पॅडचं काम कॅलिपरवर जातं. तो स्कॅनर आणि त्याची दरवर्षीची वर्गणी आमच्या मजुरीत थोडी थोडी येते, हे आम्ही लपवत नाही.

आता इलेक्ट्रिक गाड्या यायला लागल्या आहेत. मोटरच गाडीचा वेग कमी करते, त्यामुळे पॅड फार काळ टिकतात. पण न वापरलेली डिस्क गंजते आणि पिना जाम होतात, मास्तरांच्या गाडीसारख्याच. म्हणून दरपत्रकात आम्ही एक नवी ओळ घातली आहे : एकही भाग न बदलता चारही चाकांच्या ब्रेकची सफाई, पिनांना ग्रीस, मापं आणि ऑइलमधल्या पाण्याची तपासणी. यात सुट्या भागांचा नफा शून्य, निव्वळ मजुरी. मावसभावाला ती ओळ अजून पटलेली नाही. वर्षभर चालवून बघू, मग हिशोब मांडू, एवढ्यावर सध्या आमचं एकमत झालंय.